रस्ता बदललेला फलक

"रुही, पूर्व कुठे ते बघ गं. रामरायाचं तोंड पूर्वेला हवं," मंजुषामावशी म्हणाल्या.

रुहीने फोनवरचं होकायंत्र उघडलं. नेपरव्हिलपासून दोन तासांवरच्या या पार्कात नेटवर्क नव्हतं, पण होकायंत्राला ते लागत नाही. पूर्व रस्त्याच्या बाजूला निघाली. मग रस्त्याकडे तोंड करून पाटावर रामाची मूर्ती बसली, आणि रुहीचा चुलतभाऊ वेदांत समोर सतरंज्या घालू लागला.

आज कांचनआजींचं सहस्रचंद्रदर्शन होतं. वेदांत आणि रुहीच्या या आजी चाळीस वर्षं इथे परदेशात डॉक्टर होत्या. ऐंशी पूर्ण झाल्यावर केक नको, हॉल नको, म्हणाल्या. मला उघड्या आभाळाखाली एक कीर्तन ऐकवा. मंजुषामावशी कीर्तनकार; अर्विंगहून खास त्यासाठी आल्या होत्या आणि संध्याकाळच्या विमानाने परत जाणार होत्या. म्हणजे कीर्तन झालं तर आजच.

सगळी व्यवस्था गिरीशकाकांची. रस्त्याकडेचा ऐतिहासिक फलक दिसला की गाडी थांबवायची, हा त्यांचा छंद. ही जागाही त्यांना तशीच सापडली होती. फलक वाचला, समोर छान छपराचं शेल्टर आणि बाकं दिसली, आणि घरी जाऊन त्यांनी वेल्टन काउंटीकडून बुकिंग केलं. काउंटी म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखं.

तबला लागत होता, तेवढ्यात खाकी शर्टातली, पार्कची देखरेख करणारी एक तरुण रेंजर आली. काकांचा परवाना वाचून तिने मान हलवली. ही मार्लो काउंटीची जागा आहे, म्हणाली, आणि दुपारी दुसऱ्या कुटुंबाचं बुकिंग आहे. काकांनी फलकाचा हवाला दिला. ती म्हणाली, मी या उन्हाळ्यातच लागलेय, मला फक्त आमची बाजू ठाऊक. वेल्टनचं तुम्ही त्यांच्या ऑफिसला विचारा. पण ऑफिस सुट्टीमुळे बंद, आणि इथून फोनही लागत नव्हता. अर्ध्या तासात जागा रिकामी करा, असं सांगून ती पुढे गेली.

काका मटकन बसले. काकूंनी शिऱ्याचं पातेलं झाकलं. आजी एवढंच म्हणाल्या, "असू दे रे. घरी टाळ वाजवू." पण त्यांनी चष्मा काढून उगाच पदराने पुसला, आणि ते रुहीने पाहिलं.

"चल, तो साइन वाचू," ती वेदांतला म्हणाली. दहा वर्षांचा देवांग न बोलावताच मागे आला. तो शेजारच्यांचा, पण शिरा असेल तिथे घरचाच.

फलक रस्त्याच्या काठाला होता. वेदांतने मोठ्याने वाचलं. पूर्वी सगळी मिळून एकच काउंटी होती, वेल्टन. पण पश्चिमेच्या लोकांना कचेरीत जायला फार लांब पडे, म्हणून त्यांनी वेगळं घर मागितलं आणि न भांडता मिळालं. तीच मार्लो. 'तुमच्या समोर, पूर्वेला, मूळची वेल्टन. तुमच्या पाठीशी, पश्चिमेला, तिची लेक मार्लो.'

"समोर तर आपलं शेल्टर आहे," देवांग म्हणाला. "काका इज राइट."

रुहीने वळून मागे रस्त्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "थांब. रामाचं तोंड आपण रस्त्याकडे केलं ना? म्हणजे रस्ता शेल्टरच्या पूर्वेला. मग इथून बघताना शेल्टर कुठे?"

"पश्चिमेला," वेदांत म्हणाला. "ओह."

"साइन म्हणतो समोर पूर्व. समोर आहे पश्चिम."

"मग साइन खोटा?" देवांगने विचारलं.

"साइन मूव्ह केलाय, यार," रुही म्हणाली.

फलकाच्या बुडाशी काँक्रीट अजून पांढरंफेक होतं. डांबरही नवं काळंभोर; रस्ता नुकताच रुंद झालेला. दोन्हीकडे बघून तिघे पलीकडे गेले आणि गवत चाचपडू लागले. देवांगला ठेच लागली. गवतात जुन्या काँक्रीटचा ठोकळा होता, त्यात कापलेल्या लोखंडी पाइपचं टोक.

"इथे होता तो," रुही म्हणाली. "इथे उभा असताना समोर—"

समोर दाट झाडी होती. तिघे आत घुसले. पलीकडे ओढा, हिरवळ आणि मोठं रिकामं छप्पर. खांबावर वेल्टन काउंटीचा कागद: आज राखीव, गिरीश.

देवांग धावत सुटला, ओरडत, "काका, तुमचं नाव लावलंय तिकडे!"

मग सामान, सतरंज्या, तबला, शिरा आणि आजी, अशी सगळी वरात रस्ता ओलांडून गेली. रेंजरने स्वतः गाड्या थांबवल्या. जाताना तिने रुहीशी हात मिळवला. फलकाचं आजच कळवते, म्हणाली.

"मी सतरा फलक वाचलेत," काका म्हणाले, "पण आकाशाकडे एकदाही बघितलं नाही."

मंजुषामावशी उभ्या राहिल्या. ज्या गावी कीर्तन, त्या गावाची गोष्ट आधी, हा त्यांचा नेम. त्यांनी आई वेल्टन आणि लेक मार्लोची गोष्टच गाऊन सांगितली. मग म्हणाल्या, "फलकावरचं अक्षर न् अक्षर खरं होतं. फक्त तो आपल्या जागेवर नव्हता. आपलंही तेच होतं हो. शिकलेलं सगळं खरं असतं. उभं कुठे आहोत, तेवढं बघायचं राहतं." सगळ्यात मोठ्याने काका हसले.

पूर्वरंग संपला. रिवाजाप्रमाणे आजींनी बुक्का लावून मावशींना हार घातला. मावशींनी तो काढून रुहीच्या गळ्यात घातला, आणि वेदांत नि देवांगच्या कपाळी बुक्का लावला.

"कुणी शिकवलं गं तुला हे?" आजींनी विचारलं.

"रामाने," रुही म्हणाली. "तो बघत होता ना पूर्वेला."

आजींनी तिला जवळ ओढलं आणि टाळ तिच्या हातात दिले. उत्तररंग सुरू झाला.