दोन खोल्या कमी

हर्सूलच्या त्या गल्लीत वैदेहीच्या अंगावर पाणी पडलं, तेव्हा आभाळात ढगाचा ठिपकासुद्धा नव्हता. साल दोन हजार पंधरा. शहराचं नाव अजून औरंगाबाद होतं, दुष्काळ मुक्काम ठोकून बसला होता, आणि आठवड्याने येणाऱ्या टँकरची वाट लोक देवासारखी बघत होते. अशा दिवसांत वरून पाणी आलं तर ते टँकरचंच असणार, आणि पाइप धरणाऱ्याचं लक्ष भलतीकडे असणार.

"सॉरी मॅडम," गच्चीवरून आवाज आला. "टाकीकडं बघत होतो, अन्..."

"टाकीकडे बघत असतात तर टाकी भरली असती," वैदेही हातातला ओला फॉर्म झटकत म्हणाली.

वरचा तरुण हसला. तो सुदर्शन. वाळूजच्या कंपनीत शिफ्टला जायचा, आणि हसला की आधी डोळे हसायचे. वैदेही एका संस्थेसाठी घरोघरी पाहणी करत होती. घरात माणसं किती, झोपायच्या खोल्या किती, त्या पुरतात का... एवढंच विचारायचं. नवराबायकोला एक खोली, आणि घरातल्या प्रत्येक एकट्या मोठ्या माणसाला एक. येऊन सहा महिने झाले नसतील तर तो पाहुणा, त्याला मोजायचं नाही.

ओसरीवर सुदर्शनचे वडील आप्पासाहेब आणि आई आशाबाई उत्साहाने माहिती सांगू लागले. खोल्या दोन. माणसं हे तिघं. शिवाय गंगापूरकडच्या गावाहून आलेले काका कडुबा, काकू आवडाबाई आणि त्यांची कॉलेजात जाणारी मोनिका.

"कधी आलात?" तिने काकांना विचारलं.

"आखितीला. इहीर आटली, मंग काय करता."

आखिती म्हणजे अक्षय तृतीया. वैदेहीने बोटांवर मोजलं. वैशाख, ज्येष्ठ, आषाढ, श्रावण, भाद्रपद... आणि कोजागिरी परवावर आली होती. "पाच महिने नि दहा दिवस. म्हणजे तुम्ही पाहुणे. राहिली तीन माणसं. खोल्या पुरेशा आहेत."

आवडाबाई उठून आत गेल्या. सुदर्शन पायरीवर येऊन उभा होता, त्याचं हसू मावळलं.

"पाहुणे नायत ते, मॅडम. माझी खोली आता त्यांची हाये. मी गच्चीवर झोपतो."

"हौसेने?"

"हौस बी लिवता का फॉर्मात?"

"कशाची हौस," आशाबाई म्हणाल्या. "लग्नाचं नाव काढलं की म्हणतो, खोली कुठं हाये. काका-काकूला उठवून बायको आणायची नाय म्हणतो. दोन स्थळं परत गेली."

वैदेहीने मान खाली घालून 'पुरेशा' असं लिहिलं. अक्षर वाकडं आलं. कागद ओला आहे म्हणून, अशी तिने स्वतःची समजूत घातली.

त्या संध्याकाळी सिडकोतल्या घरी तिची आई दमयंतीबाई पुण्यातल्या आपल्या मुलाशी फोनवर बोलत होत्या. "शेजारी अधिकात जावयाला तेहतीस अनारसे दिले बाई. आपल्याकडे जावईच नाही तर वाण द्यायचं कुणाला? आता थांबा पुढच्या अधिकापर्यंत."

वैदेहीचा घास हातातच राहिला. अधिक आषाढ! यंदा महिने एकाने जास्त होते. पिढ्यान्‌पिढ्या पंचांगावर चाललेल्या घरातली मुलगी, आणि अख्खा महिना गिळून बसली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ती हर्सूलला हजर झाली.

"चूक माझी झाली," तिने काकूंना गाठून सांगितलं. "तुम्हाला येऊन सहा महिने होऊन गेलेत. तुम्ही या घरातल्याच."

"धोंड्याचा महिना इसरलात व्हय?" आप्पासाहेब खो खो हसले.

"आमच्याकडे जावई नाही ना, म्हणून लक्षात राहत नाही," ती बोलून गेली, आणि मग जीभ चावली. सुदर्शनचे कान लाल झाले. काकूंनी चहा आज स्वतः आणून दिला.

नवा हिशेब सरळ होता. दोन जोडप्यांना दोन, मोनिकाला एक, सुदर्शनला एक. लागतात चार, आहेत दोन. तिने लिहिलं, 'दोन खोल्या कमी'.

मग एकदा खिडक्या मोजायच्या राहिल्या. एकदा गच्चीची लांबी. इतकं बारकाईने हर्सूलमधलं दुसरं कोणतंच घर मोजलं गेलं नाही. सुदर्शन टेपचं टोक धरायचा आणि आकडा सांगायचं विसरायचा.

"इथून तलाव दिसतो," एकदा तो म्हणाला. "म्हणजे... दिसायचा."

"पुन्हा दिसेल."

"तुम्ही म्हणता तर दिसंल."

दिवाळीच्या तोंडावर पाहणी संपली. त्या दुपारी गच्चीवर दोघंच होते, आणि त्याच्या बाजेवरची गोधडी नीट घडी घालून ठेवलेली होती.

"उद्यापासून येणार नाही मी," ती म्हणाली. "मोजायचं काही राहिलं नाही."

"माझ्या मनात काय हाये, ते तुम्हाला कळलंय," तो हळू म्हणाला. "पण तुम्हीच लिवलंय ना, दोन खोल्या कमी. तिथं आणखी एक माणूस कुठल्या तोंडानं आणू?"

वैदेहीने फॉर्म उघडला.

"नियम ऐका. एकट्या माणसाला खोल्या किती?"

"एक."

"आणि नवराबायकोला?"

"...एकच."

"मग तुम्ही लग्न केलंत, तर किती खोल्या कमी पडतील?"

त्याने खरोखर बोटं मोजली. "दोनच की."

"आज दोन, उद्याही दोन. मी तीनदा मोजलंय, सुदर्शन." तो तिला आवडला होता. काकांना पाहुणे म्हटल्यावर त्याचं हसू मावळलं, तेव्हापासूनच. "आता तरी खोलीचं कारण सांगू नका."

त्याने घडी घातलेली गोधडी उगाच पुन्हा सरळ केली.

"तुमच्या घरी पटंल?"

"लगेच नाही. बाबा बोलणं टाकतील, आई रडेल. वेळ लागेल."

"मला बी लागंल. इथं गच्चीवर एक खोली चढवायची म्हणतो. पगार बघता दोन वर्सं तरी."

"पुढचा अधिक अडीच वर्षांनी आहे," ती म्हणाली, आणि ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

ते त्याच्या ध्यानात यायला जरा वेळ लागला. मग आधी त्याचे डोळे हसले.

"आईला सांगून ठेवा मंग. त्या धोंड्याला अनारसे तेहतीस पाहिजेत. एक बी कमी नको."

ती खाली उतरली तेव्हा आशाबाई ओसरीवर वाती वळत बसल्या होत्या.

"झालं का गं बाई मोजून?"

"झालं," वैदेही चपला घालता घालता म्हणाली. "पुरतंय."