चिमीच्या पावलाचं माप

दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत लिफ्टवाला बुटांच्या दुकानाकडे निघाला. काम साधंच होतं, तिथून येणारे ईमेल बंद करून घ्यायचे होते. लिफ्ट दुरुस्त करण्यात त्याची पंचवीस वर्षं गेली होती, आणि बिघाड कितीही चक्रावून टाकणारा असला तरी कुठेतरी एक तार सुटलेली असते, यावर त्याचा गाढ विश्वास होता.

लहान मुलांच्या बुटांचं ते जुनं दुकान. तिथे प्रत्येक मुलाच्या नावाचं एक पाकीट असायचं. दर सहा महिन्यांनी मापवाले काका मुलाला कागदावर उभं करत, पावलाभोवती पेन्सिल फिरवत आणि तो कागद पाकिटात घालत. चिमीला, म्हणजे लिफ्टवाल्याच्या लेकीला, त्या पेन्सिलीच्या गुदगुल्या व्हायच्या. ती खिदळायला लागली की काका लटक्या रागाने म्हणत, "बाईसाहेब, हललात तर बूट बदकाला होतील, तुम्हाला नाही!" मग ती बापाचा अंगठा घट्ट धरून, श्वास रोखून उभी राहायची. ते दिवस आठवले की लिफ्टवाल्याला वाटायचं, आपण तेव्हा किती सुखात होतो आणि आपल्याला त्याचा पत्ताही नव्हता.

चिमी चार वर्षांची असताना तापाने गेली. त्याला आता सात वर्षं झाली होती. त्याच वर्षी त्यांनी जुनं घरही सोडलं होतं.

पुढे दुकान नव्या मालकाकडे गेलं, सगळं कॉम्प्युटरवर आलं, आणि दर सहा महिन्यांनी तिच्या आईला ईमेल येऊ लागले. 'पावलं वाढली, बूट लहान झाले! लाडकीला घेऊन या, दुसऱ्या जोडावर सवलत!' पहिला ईमेल वाचून ती दिवसभर भिंतीकडे बघत बसली होती. लिफ्टवाल्याने दोनदा फोन केला, दोन्ही वेळा गोड आवाजात माफी मागितली गेली, आणि ईमेल येतच राहिले. हळूहळू ती त्यांची वाट बघू लागली. "आता तिला तीन नंबर लागेल हो," असं भाजी चिरता चिरता म्हणू लागली. परवा तर तिने खरंच त्या दुकानातून घरपोच बूट मागवले, अकरा वर्षांच्या मुलीचे, आणि दाराशी नीट मांडून ठेवले. तेव्हा मात्र लिफ्टवाला घाबरला. लेक गेली ती गेलीच, आता बायकोही हातची जाईल, या भीतीने त्याला झोप लागेना.

काउंटरवालीने त्याचं म्हणणं ऐकून जीभ चावली.

"सॉरी काका. शेवटचं माप बघून कॉम्प्युटर आपोआप पाठवतो. थांबा, ते कधीचं आहे बघते..." ती अडखळली. "गेल्या महिन्यातलं दिसतंय."

"असं कसं असेल?"

"दुसऱ्या कुणाचं चुकून चढलं असेल. पाकीट खाली आहे. या."

तळघरात चामड्याचा आणि सरसाचा वास कोंडून राहिला होता. तोच जुना वास. एकुलता एक दिवा मिणमिणत होता. रांगेच्या टोकाला चिमीचं पाकीट सापडलं, चांगलं टम्म फुगलेलं. काउंटरवालीने कागद टेबलावर मांडले. पाच कागद, सहा, दहा... प्रत्येक पाऊल आधीच्यापेक्षा थोडं मोठं. प्रत्येकात उजव्या पायाची करंगळी शेजारच्या बोटावर चढलेली, थेट तिच्या आईसारखी. आणि सगळ्या कागदांवर मापवाल्या काकांचं ते तिरकं अक्षर.

"मापवाले काका... अजून येतात कामाला?" लिफ्टवाल्याने हळूच विचारलं.

"ते वारले ना. मी इथे लागायच्या आधीच..." काउंटरवालीचा आवाज एकदम खाली आला. "वर त्यांचा हार घातलेला फोटो आहे."

लिफ्टवाल्याने शेवटच्या कागदावरून बोट फिरवलं. बोटाला पेन्सिलीची काळी पूड लागली. टाचेपाशी रेषेला एक हिसका बसला होता, हसताना मूल हललं की बसतो तसा.

घाबरलेला मेकॅनिक आधी मेन स्विच बंद करतो.

"काढून टाका," तो म्हणाला. "सगळं. आत्ताच्या आत्ता."

"नक्की ना काका? पुन्हा आणता नाही येणार..."

क्षणभर त्याला तो कागद घडी करून खिशात घालावासा वाटला. मग बायकोचा चेहरा आठवला.

"नक्की."

वर येऊन तिने त्याच्यासमोर नाव पुसलं. रस्त्यावर ऊन लख्ख पडलं होतं. संध्याकाळपर्यंत त्याने दोन लिफ्ट दुरुस्त केल्या आणि स्वतःची बरीचशी समजूत घातली.

घरी आल्यावर त्याने बायकोला बाकी काही न सांगता एवढंच सांगितलं, की ईमेल बंद केले.

"तुम्ही स्वतः सांगितलंत? नाव काढा म्हणून?"

"हो. तुझ्यासाठीच गं..."

तेवढ्यात टेबलावरचा तिचा फोन वाजला. तिने वाचलं आणि फोन त्याच्या हातात दिला.

'प्रिय पालक, आपल्या विनंतीनुसार आपल्या मुलीचं नाव काढलं आहे. यापुढे आपल्याला त्रास होणार नाही. आज दुपारी ती मापासाठी आली होती. बाबांनी नको म्हटलंय, हे तिला समजावून सांगितलं. बराच वेळ पायरीवर बसून होती. आपण घर बदलल्याचं तिला माहीत नव्हतं. नवा पत्ता दिला आहे.'

लिफ्टवाल्याने मान वर केली. बायको दाराची कडी काढत होती.