चिनीमातीची नासपती

ललितच्या गालावर बाबांची पाची बोटं उठली, तेव्हा गल्लीत नुकतंच नळाला पाणी आलं होतं. त्यामुळे प्रेक्षकांची कमतरता नव्हती. अकोल्याच्या जुन्या शहरात उन्हाळ्यात पाणी रोज मिळत नाही, पण दुसऱ्याच्या पोराला मार बसताना बघायला मिळालं तर कोणी सोडत नाही.

"मी नाई फोडली, बाबा."

"मंग काय उंदरानं फोडली? चेंडू कोनाचा हाये?" असं म्हणून बाबांनी दुसरा गालही रंगवला.

फुटली होती ती भागीरथा आजीची नासपती, आणि तुकड्यांत ललितचा चेंडू सापडला होता. चिनीमातीची, मुठीएवढी, पोटावर रंगीत शिक्का आणि बुडाला भोक. आजीच्या सासूला ती एका इंग्रज साहेबाच्या बंगल्यावरून मिळाली होती. आजी ती उलटी करून तांदळाच्या वाटीत रोवायची आणि रोज संध्याकाळी बुद्धमूर्तीसमोर त्या भोकात अगरबत्ती लावायची.

तुकडे पदरात गोळा करून आजी आत गेली आणि तेव्हापासून ललितशी बोलेनाशी झाली. हे फार वाईट होतं. मार विसरता येतो, पण ताट वाढून तोंड फिरवणारी आजी कशी विसरणार? ललितला जेवणच जाईना.

त्याची मोठी बहीण दीक्षा आणि शेजारचा कुंदन आजीकडून मागून आणलेले तुकडे गच्चीवर जुळवत बसले होते. कुंदनच्या घरी फुलांचा धंदा होता आणि तोंडाचा पट्टा चोवीस तास चालू.

"लल्या, तू फोडलीच असशील तं सांगून टाक. मार तं खाऊन झाला तुया."

"चूप रे," दीक्षा म्हणाली. ती बुडाचा तुकडा उन्हात धरून बघत होती. "हे आतून पांढरंफेक हाये. मंग काड्या कुठं गेल्या?"

बुद्धासमोर जळलेली काडी पायाखाली येऊ नये, म्हणून आजी उरलेलं बूड फेकत नसे. त्याच भोकातून आत ढकलून द्यायची. वर्षभराच्या काड्या बुद्धपौर्णिमेला काढून पिंपळाच्या मुळाशी पुरायची. पौर्णिमा आता तोंडावर आली होती. नासपती खरंच फुटली असती, तर खोलीभर काड्या पसरल्या असत्या!

"म्हंजे हे आपली नाईच," ललित हळूच म्हणाला.

त्या दिवशी खोलीत एकच पाहुणा एकटा बसला होता. देवीदास सर, बाबांचे कॉलेजातले गुरुजी, अमरावतीचे. जुन्या युद्धांच्या आठवणीच्या वस्तू जमवायचा त्यांना नाद. आधी एकदा त्यांनी नासपती मागितली होती, पण आजी म्हणाली होती, "वंदनेची वस्तू इकत नसतात, सर." या दुसऱ्या खेपेला त्यांनी आजीला चहाला आत पाठवलं आणि बाबांना कचोरीला बाहेर. निघताना खोलीत पडलेला ललितचा चेंडू बघून हसले होते, "जपा हो! चेंडू आला की काच गेलीच म्हणून समजा." संध्याकाळी बाबांना नेमकं तेच वाक्य आठवलं होतं.

"बाबाले सांगू?" ललितनं विचारलं.

"सरले चोर म्हणशीन तं अजून दोन खाशीन," दीक्षा म्हणाली.

रविवारी मोर्णा नदीपलीकडच्या सभागृहात सरांच्या संग्रहाचं प्रदर्शन आणि सत्कार होता. हार कुंदनच्या घरून जाणार होते. टोपली घेऊन तिघं थेट मंचाशी पोहोचली. पहिल्या रांगेत बाबा ताठ बसले होते, शेजारी आजी.

सर हातात नासपती धरून बोलत होते. "हा बॉम्ब आहे! पहिल्या महायुद्धात झेपेलिन नावाची, गॅसनं भरलेली अजस्र हवाई जहाजं इंग्लंडवर यायची आणि झोपलेल्या गावांवर असे बॉम्ब टाकायची. घरं जळली, लेकरं मेली. मग दुकानदारांनी त्या बॉम्बच्या चिनीमातीच्या प्रतिकृती करून विकल्या, वर गावाचा शिक्का मारून. लोक हौसेनं शोकेसमध्ये ठेवायचे! माझ्याकडे एक तडकलेला होता. हा अखंड मिळाला, तसा तो मी फोडून टाकला. एकासारखे दोन असले की भाव उतरतो."

टाळ्या पडल्या. बाबांनीही वाजवल्या.

सरांनी बॉम्ब टेबलावर ठेवला आणि हारासाठी मान वाकवली. कुंदनच्या हातून टोपली सरांच्या पायावर 'चुकून' उलटली. झेंडूवरून सर घसरले, आणि ललितनं बॉम्ब उचलला.

"ठेव ते! फोडशील!" बाबा हात उगारून उठले.

तरी ललितनं काड्या सांडू नयेत म्हणून भोकात कोंबलेला कापूस नखानं उपसला आणि बॉम्ब पांढऱ्या टेबलक्लॉथवर जोरजोरात हलवला. काळ्या टोकांच्या काड्या भराभर बाहेर आल्या.

आजी मंचावर चढली. एक काडी उचलून तिनं हुंगली.

"माया हातच्या काड्या हायेत ह्या."

"गैरसमज होतोय, आजी..."

"ज्यानं लेकरं मेली त्याच्या तुमी जोड्या मोजता, सर. अन् माया लेकराले मार खाऊ घातला." तिनं बॉम्ब ललितच्या हातातच राहू दिला.

मग सगळ्यांनाच पोरांचं कौतुक सुचलं. अध्यक्षांनी दीक्षाची पाठ थोपटली. कुंदनला पेढा मिळाला. "शाबास रे वाघा!" म्हणत बाबांनी ललितच्या पाठीवर थाप द्यायला हात उचलला, आणि ललितनं दोन्ही गाल झाकून मान खाली घातली. बाबांचा हात तसाच वर राहिला.

आजी-बाबांबरोबर घरी जाताना मोर्णेच्या पुलावर ललित थांबला. खाली नदी आटून नुसते दगड उरले होते.

"आजी, हे परत बुद्धासमोर ठेवशीन?"

"बॉम्ब? आता नाई ठेवत, बाप्पा."

"मंग काय करू याचं?"

"मार तू खाल्ला. तूच ठरव."

ललितनं हात कठड्याबाहेर काढला, बाबांकडे एकदा बघितलं आणि मूठ उघडली. खालून फुटल्याचा आवाज आला.

"बाबा," तो म्हणाला, "आता मी फोडली."