झाकलेलं मशीन

कॉम्प्युटरला कपडे घालायची पद्धत कोणी काढली ते मला ठाऊक नाही. सापडला तर त्याला मे महिन्यात स्वेटर घालून माझ्या दुकानात बसवीन. टीव्हीला कव्हर, फ्रिजला कव्हर, मिक्सरला जुन्या परकराचं कव्हर, इथपर्यंत माझी हरकत नाही. पण ज्या डब्याला हवा घ्यायला पुढे जाळी आणि हवा टाकायला मागे पंखा दिलाय, त्याच्यावर रुमाल, रुमालावर गणपती, गणपतीपुढे उदबत्ती. राख सरळ पंख्यात. मग मला फोन, की भार्गव भाऊ, आमचा कॉम्प्युटर आपोआप बंद होऊन राहिला.

बंद होतो म्हणून वाचतो. मालकापेक्षा त्याला अक्कल जास्त.

नागपूरकर भोसल्यांच्या फौजेबरोबर आमचे पूर्वज रायपूरला आले, असं वडील सांगायचे. पूर्वजांनी काय जिंकलं देव जाणे. मी बावीस वर्षं शंकर नगरातल्या दुकानात बसून लोकांच्या कॉम्प्युटरच्या कॅबिनेटमधली झुरळं काढतो. माणसांबद्दल माझं मत त्यावरूनच बनलंय.

समता कॉलोनीतून यशवंतरावांचा फोन आला तेव्हा बाहेर चव्वेचाळीस डिग्री होतं. रेल्वेतून रिटायर झालेले, मूळचे वर्ध्याकडचे. पहिल्या मजल्यावर दोन खोल्या, मधे दरवाजा. समोरच्या खोलीत खिडकीला कूलर, आणि तो असा घरघरत होता की शेजारी बसलेल्या माणसाशी ओरडून बोलावं लागे. आतल्या खोलीत एक लोखंडी पलंग, एक टेबल आणि टेबलाखालच्या बंद कप्प्यात कॅबिनेट. त्याच्यावर एक गोधडी, चारी बाजूंनी खोचलेली. पोराला निजवावं तशी.

मी गोधडी ओढून काढली. पत्र्याला हात लावला आणि मागे घेतला.

"किती दिवसांपासून असं?"

"दोन वर्षं झाले," यशवंतराव म्हणाले. "रोज अकरा मिनिटं चालते, मंग बंद."

दोन वर्षं. माझं डोकं सरकलं. त्यांच्या बायको, इंदूकाकू, दारात उभ्या होत्या. मी त्यांनाच धरलं. "झाकून झाकून मारलं तुम्ही याले. श्वास घ्याले तरी जागा ठेवायची होती, काकू."

गिऱ्हाइकांना मी असंच बोलतो. कोणी चिडतं, कोणी हसण्यावारी नेतं. काकूंनी यातलं काहीच केलं नाही. त्या माझ्या तोंडाकडे पाहत राहिल्या.

"काय म्हणाले? पुन्हा म्हणा."

मी पुन्हा म्हटलं, तितकंच मोठ्याने. त्यांनी मान हलवली आणि चहा ठेवायला गेल्या.

मशीन दुकानात आणून उघडलं. प्रोसेसरवरची, त्याची उष्णता ओढून घेणारी पेस्ट वाळून खडू झाली होती. पंख्यात धूळ होती, पण घरातली भुरी धूळ नव्हे. काळी, जड, चमकणारी. माझ्या पेचकसाचं टोक चुंबकाचं आहे, त्याला ती मिशीसारखी चिकटली. ही शहराबाहेर उरल्याला जे कारखाने आहेत, तिथली लोखंडाची धूळ. समता कॉलोनीत तिचं काय काम, असा विचार आला आणि गेला. ब्लोअरने सगळं उडवलं, नवी पेस्ट लावली, नवा पंखा बसवला. दोन तास मशीनला जुंपून ठेवलं, साठ डिग्रीच्या वर गेलं नाही. केस खलास.

चार दिवसांनी पुन्हा फोन. अकरा मिनिटं.

मी गेलो तेव्हा दुपारचे चार वाजत होते. गोधडी पुन्हा मशीनवर होती. मी ती काढून पलंगावर फेकली आणि म्हटलं, माझ्यासमोर चालवून दाखवा, तुम्ही करता तरी काय.

काकूंनी एक व्हिडिओ लावला. दुसरं काही त्यांना लावता येत नव्हतं.

पडद्यावर हीच खोली होती. कॅमेऱ्यासमोर कारखान्याच्या निळ्या शर्टात पंचवीस-सव्वीसचा एक मुलगा. "माय नेम इज निरंजन," असं म्हणून तो मुलाखतीची प्रॅक्टिस करत होता. आधी इंग्रजीत, मग अडकला की हिंदीत. आठव्या मिनिटाला त्याचे दात वाजायला लागले. तो उठला आणि मागच्या पलंगावर जाऊन आडवा झाला. कॅमेरा चालूच. नवव्या मिनिटाला काकू आत आल्या, त्याच्या कपाळाला हात लावला, गोधडी आणली आणि त्याला गळ्यापर्यंत पांघरून चारी बाजूंनी खोचली. मग दार लोटून गेल्या.

गोधडी तीच होती. माझ्या मागे पलंगावर पडलेली.

अकरा मिनिटं चाळीस सेकंद. पडदा काळा झाला.

मशीनला हात लावला तर पुन्हा तसंच तापलेलं. यशवंतराव मला जिन्यापर्यंत सोडायला आले आणि तिथे त्यांनी सांगितलं. निरंजन उरल्याला रोलिंग मिलमध्ये होता. सकाळची शिफ्ट करून आला, भट्टीवर उभा राहून. लू लागली होती, उष्माघात. अंगात आग, आणि वरून थंडी वाजून राहिली. आमच्या लोकांना थंडी म्हटली की मलेरिया आठवतो आणि मलेरिया म्हटला की गोधडी. संध्याकाळी दवाखान्यात नेलं तेव्हा काही उरलं नव्हतं.

"रेकॉर्डिंग वीस मिनिटांचं लावून ठेवे तो, मुलाखत तेवढी चालते म्हणून," ते म्हणाले. "ही समोर कूलरपाशी झोपली होती. तिले एकच पाह्यचं आहे. पुढच्या आठ मिनिटांत पोट्ट्यानं तिले हाक मारली का नाही."

मी पहिल्या दिवशी काय बोललो होतो ते मला त्या जिन्यावर आठवलं. लाज वाटली. पण खरं सांगतो, लाजेपेक्षा राग जास्त होता. एका व्हिडिओपायी मशीन बंद पडतं आणि तेही भार्गवच्या हातून दुरुस्त झालेलं. असं होत नसतं.

आमच्या धंद्यात निदान करायची एकच सरळ रीत आहे. एकेक भाग बदलत जायचा. ज्या भागाबरोबर बिघाड जातो, तो भाग खराब. मी मशीन पुन्हा दुकानात आणून त्यांची मेमरी बदलली. पॉवर सप्लाय बदलला. मदरबोर्ड आणि प्रोसेसर बदलला. उघडलं तेव्हा पंख्यात पुन्हा ती काळी धूळ होती, चार दिवसांत बोटभर. शेवटी कॅबिनेटही माझं, आतलं सगळं माझं, फक्त फाइल त्यांची. अकरा मिनिटं चाळीस सेकंदांना शंभर डिग्री आणि बंद. मी बाजूला आकडे लावून पाहत होतो. प्रोसेसरवर काम चार टक्के. चार टक्क्यांत चहासुद्धा कोमट होत नाही.

फाइल माझ्या लॅपटॉपवर घेतली. तेच.

फोनवर घेतली. अकराव्या मिनिटाला फोनने सांगितलं की तो गरम झालाय, त्याला थंड होऊ द्या. पुढे सरकवून बाराव्या मिनिटापासून लावायला गेलो तर व्हिडिओ पहिल्यापासून सुरू व्हायचा.

फाइल करप्ट आहे, मी स्वतःला सांगितलं. दुसऱ्या कोणी हे सांगितलं असतं तर मी त्याला दुकानाबाहेर काढलं असतं. करप्ट फाइल अडकते, तापत नाही.

दुकानाला लागून पांडुरंगची डेअरी आहे. दुपारी तीनला तिथे चिटपाखरू नसतं. मी फोन दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत बांधला, वायरवाला इअरफोन लावला आणि त्याच्या डीप फ्रीझरमध्ये श्रीखंडाच्या डब्यांवर ठेवला. झाकणाच्या फटीतून वायर बाहेर घेतली आणि शेजारी स्टुलावर बसलो.

"काय ऐकून राहिले, भैया?" पांडुरंगने विचारलं.

"बर्फाचं भजन," मी म्हटलं. तो आत जाऊन आडवा झाला.

चित्र दिसत नव्हतं. फक्त आवाज. निरंजनची इंग्रजी, मग हिंदी, मग दात. पलंगाची कुरकुर. काकूंची पावलं. "थंडी वाजते का रे? थांब." दार.

अकरा चाळीस गेलं. आवाज चालू राहिला.

मी जिंकलो होतो. हे मी लिहून ठेवतो, कारण त्या क्षणी मला खरोखर एवढंच वाटलं.

बाहेर कूलर घरघरत होता. आत श्वास, जलद आणि कोरडा. तेराव्या मिनिटाला तो म्हणाला, "आई."

मोठ्याने नव्हे. शेजारच्या माणसाला ऐकू जाईल इतपत.

"आई, काढ नं हे."

मग पुन्हा. मग नुसतं "आई". मी मोजलं नाही. मोजायला हवं होतं असं नंतर वाटलं.

सोळाव्या मिनिटापासून बोलणं थांबलं. श्वास होता, मधे मोठ्या फटी सोडून.

एकोणिसाव्या मिनिटाला पलंगाजवळ पाऊल वाजलं. दार उघडल्याचा आवाज आला नव्हता.

एक पुरुष बोलला. कूलरच्या वर आवाज चढवून, चिडून.

"झाकून झाकून मारलं तुम्ही याले. श्वास घ्याले तरी जागा ठेवायची होती, काकू."

माझा आवाज मला चांगला ठाऊक आहे. गिऱ्हाईक नंतर शब्द फिरवतं म्हणून मी फोनवरचं बोलणं रेकॉर्ड करून ठेवतो.

क्षणभराने ते वाक्य पुन्हा आलं. तितकंच मोठ्याने.

मग फाइल संपली.

फ्रीझर उघडला. फोनवर बारीक बर्फ साचला होता. फाइलची तारीख पाहिली, दोन वर्षांपूर्वीचा मे. त्या दिवशी मी कुठे होतो ते दुकानाच्या वहीत लिहिलेलं आहे. दिवसभर एका वकिलाच्या ऑफिसात, प्रिंटर दुरुस्त करत. वही मी दोनदा पाहिली. मग फोनमधून फाइल काढून टाकली, लॅपटॉपमधून काढली, त्यांच्या डिस्कवरूनही काढली. पुसून वर दुसरं काहीतरी भरलं, परत मिळू नये म्हणून. बावीस वर्षांत गिऱ्हाइकाची फाइल मी कधी पुसली नव्हती.

मशीन पोचवायला गेलो तेव्हा यशवंतराव भाजी आणायला गेले होते. काकू पलंगावर बसल्या होत्या, मांडीवर घडी केलेली गोधडी.

"फाइल गेली, काकू," मी म्हटलं. "पण त्याआधी मी पूर्ण ऐकली. त्यानं हाक नाही मारली. झोप लागली होती त्याले. शांत झोपला होता."

मी लोकांशी खोटं बोलत नाही, तोंडावर खरं फेकतो, याचा मला अभिमान होता. हे खोटं जिभेवरून अगदी सहज उतरलं.

कूलर घरघरत होता.

"हव," त्या म्हणाल्या. "बरं झालं." आणि मग, "दुसरं कोणी बोललं नाही?"

"दुसरं कोण बोलणार?"

"मी समोर पडली होती. कूलरमधून पोट्ट्याचं काहीच ऐकू नाही आलं. एका माणसाचं बोलणं तेवढं आलं. दोनदा. मले वाटलं, खाली रस्त्यावर कोणी भांडून राहिलं." त्या गोधडीवरून हात फिरवत होत्या. "पहिल्या दिवशी तुम्ही बोलले तं मी आवाज वळखला. म्हणून पुन्हा म्हणवून घेतलं."

मी मशीनची वायर खोचू लागलो.

"तुम्ही इथंच होते, भार्गव भाऊ," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, मला समजून घ्यायचं असावं तसं विचारत होत्या. "मंग मले उठवलं काहून नाही?"

मी वहीचं सांगायला तोंड उघडलं. तारीख, वकील, प्रिंटर. त्यांच्याकडे पाहून मिटलं.

काकूंनी उठून गोधडी माझ्या हातात दिली. "तेराव्याले त्याचं अंथरूण-पांघरूण सारं दान केलं. हे एक मी ठेवून घेतलं होतं. चुकलंच. आता तुम्ही न्या."

एरवी मी असल्या गोष्टींना हसलो असतो. दान, तेरावं, अंथरूण. घरी आलो तेव्हा गोधडी स्कूटरच्या डिकीत होती. वाटेत कुठे टाकता आली असती. टाकली नाही.

याला आज नऊ दिवस झाले. यशवंतरावांचा फोन आला होता. मशीन छान चालतंय, दिवसभर चालू ठेवलं तरी गार असतं, म्हणाले.

आज सकाळपासून उन्हात तीन घरची कामं केली. आता दुपारचे साडेतीन झालेत, बाहेर पंचेचाळीस आहे. बायको समोरच्या खोलीत कूलर लावून झोपली आहे. मी आतल्या खोलीत हे लिहितोय, आणि अक्षर हलतंय, कारण दात वाजताहेत. हाताला हात लावला तर तवा. हे काय आहे ते मला नीट कळतं. पाणी ओतायला हवं, बायकोला हाक मारायला हवी.

दोनदा मारली. कूलर फार मोठ्याने चालतो.

गोधडी मी कपाटात ठेवली होती, बाहेर काढल्याचं आठवत नाही. आता ती पायांवर आहे, दोन्ही बाजूंनी नीट खोचलेली.