शून्याचं टोक

लॅपटॉपची बिजागरी सैल झाली तेव्हा धाकटीनं स्क्रीनमागे दोन जाड पुस्तकं उभी केली आणि काम रेटलं. बॅटरी मान टाकायला लागली तेव्हा वायर कायमची लावून ठेवली. पण एका जुन्या दवाखान्याच्या नकाशात भिंत आखताना स्क्रीनवरचा बाण आपण होऊन डावीकडे घसरला आणि भिंत थेट दारातून आरपार गेली, तेव्हा मात्र तिनं हात टेकले. बाण ओढून जागेवर आणला, तर हात काढल्याबरोबर तो पुन्हा निघाला. घाई नाही, गडबड नाही. सावकाश डाव्या कडेला गेला आणि तिथेच चिकटून राहिला.

"कंटाळलाय तो तुला," आई म्हणाली. "किती वर्षं राबवशील?"

"ताईनं राबवला त्याच्या निम्मासुद्धा नाही राबवला मी."

लॅपटॉप ताईचा होता.

जुन्या इमारतींची मोजमापं घेऊन त्यांचे नकाशे करून द्यायचे, हा दोघी बहिणींचा धंदा. गिऱ्हाइकं त्यांना थोरली आणि धाकटी म्हणूनच ओळखायची. त्यांची काम करायची एक पद्धत होती आणि ती पाहून लोकांना हसू यायचं. ताई टेपचं शून्याचं टोक पायाच्या अंगठ्याखाली दाबायची, उघडा लॅपटॉप तान्ह्या बाळासारखा डाव्या हातावर घ्यायची आणि उजव्या हातानं आकडे टाकायची. धाकटी टेप उलगडत भिंतीच्या दुसऱ्या टोकाला जायची. 'धरलंय' असं ओरडून सांगणं ताईच्या स्वभावात नव्हतं. ती अंगठ्यानंच टेपला हलके दोन हिसके द्यायची. म्हणजे शून्य पक्कं आहे, वाच आता. धाकटी आकडा मोठ्यानं वाचायची, तिकडून कळा वाजायच्या, आणि शेवटची कळ ताई नेहमी जरा जोरात हाणायची. तो आवाज आला की पुढची भिंत. बिजागरी सैल झाली ती या असल्या लाडांनी.

दोन वर्षांपूर्वी धाकटी दुसऱ्या कामात अडकली होती म्हणून ताई एकटीच एका बंद पडलेल्या कारखान्याचं मोजमाप घ्यायला गेली. परतली नाही. लॅपटॉप तिथल्या मोठ्या दालनात जमिनीवर उघडा सापडला, टेप पूर्ण उलगडलेली. शोधाशोध झाली, फोटो लावून झाले, नातेवाईक येऊन चार शब्द बोलून गेले. हाती काहीच लागलं नाही. तेव्हापासून धाकटी लेझरच्या मापयंत्रानं एकटीच मोजायची आणि टेप ताईच्या खोलीत खिळ्याला लटकायची. ताई आहे की नाही, एवढंच तिला कळायला हवं होतं. रडायची तिची तयारी होती. पण कशासाठी रडायचं तेच ठरत नव्हतं.

दुरुस्तीवाल्याच्या दुकानात लॅपटॉप पेशंटसारखे रांगेत निजलेले असत आणि तोही डॉक्टरच्याच थाटात बोलायचा.

"आधी सिस्टीम बदलून बघू," तो म्हणाला. "फुकटवाली टाकतो. हलकी आहे, म्हाताऱ्या मशीनला झेपते."

"माझं नकाशांचं सॉफ्टवेअर चालेल त्यावर?"

"चालेल म्हणजे... चालवावं लागेल."

सिस्टीम बदलली. नवी कोरी स्क्रीन उजळली, मधोमध बाण उभा राहिला आणि दोघांच्या देखत उजव्या कडेकडे चालू लागला.

"टचपॅड गेला," दुरुस्तीवाल्यानं निकाल दिला. "नवा घ्या. एक तर याच कुळातला. सगळं ओळखीचं, पण दर आठवड्याला अपडेट करा, अपडेट करा म्हणून डोकं खाणार. नाहीतर तो चकचकीत महागडा. तो बिघडत नाही, पण दुसऱ्या कुणाची वस्तू त्याला जोडायची म्हटलं की नाक मुरडतो. तिसरा म्हणजे साधा दणकट घ्या आणि त्यावर ही फुकटवाली टाकू. शिकायला आठवडा जाईल, पण तुम्हाला विचारल्याशिवाय ती एक काडीसुद्धा इकडची तिकडे करणार नाही."

धाकटीनं दुकानात बसून आपला दवाखान्याचा नकाशा तिन्हींवर उघडून पाहिला, झूम केला, भिंती ओढल्या, दुरुस्तीवाल्याला भंडावून सोडलं. शेवटी तिसऱ्यावर बोट ठेवलं. विचारल्याशिवाय काही न हलवणारी सिस्टीम, हे तिला पटलं. जुना लॅपटॉप त्यानं ठेवून घेतला आणि किमतीत थोडी सूट दिली. दुकानातून बाहेर पडताना धाकटीनं मागे वळून पाहिलं नाही.

नव्या लॅपटॉपवर दोन दिवस बाण शहाण्यासारखा वागला. तिसऱ्या दिवशी चहाचा कप ठेवायला तिनं माउसवरचा हात काढला आणि बाण डावीकडे निघाला.

तिनं दुरुस्तीवाल्याला फोन लावला. त्यानं माउस काढायला सांगितलं, तो काढला. टचपॅड बंद करायला सांगितला, तोही केला. बाण चालतच होता.

"असं होत नाही," तो म्हणाला.

"होतंय."

"मग मला माहीत नाही." त्याच्या तोंडून हे वाक्य तिनं पहिल्यांदाच ऐकलं.

तेवढ्यात आई नवा कॉम्प्युटर बघायला आली. तिला दिसावा म्हणून धाकटीनं तो टेबलावरच उलटा फिरवला. डाव्या कडेला चिकटलेला बाण सुटला, अख्खी स्क्रीन ओलांडून गेला आणि उजव्या कडेला जाऊन थांबला.

धाकटीनं लॅपटॉप पुन्हा आपल्याकडे वळवला. बाण डावीकडे गेला. काटकोनात फिरवला, तर बाण वर गेला. म्हणजे बाणाला स्क्रीनची डावी-उजवी बाजू कळतच नव्हती. घराबाहेर कुठेतरी काहीतरी होतं आणि तो तिकडे बघत होता.

खरं तर तिला भीती वाटायला हवी होती. तिला हुरूप आला. किती दिवसांनी काहीतरी मोजण्यासारखं समोर आलं होतं! तिनं घराचा नकाशा काढला, त्याला शहराचा नकाशा जोडला. सकाळी बाहेरच्या खोलीतून बाणाची रेघ आखली, दुपारी जेवणं आटोपल्यावर स्वयंपाकघरातून दुसरी. दोन्ही रेघा वाचनालयामागच्या बागेत एकमेकींना छेदत होत्या. ती चपला घालून धावत गेली. बागेत एक रिकामं बाक होतं आणि पाइप ओढत नेणारा माळी होता. दुसऱ्या दिवशी रेघा भलत्याच गल्लीत छेदल्या. तिथे एक बंद शटर होतं.

त्या शटरसमोर उभं असताना तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला आणि तिला स्वतःचाच राग आला. दोन ठिकाणांहून दिशा घेऊन जागा काढायची, तर ती वस्तू जागची हलता कामा नये. एक रेघ सकाळची आणि एक दुपारची, हा घोटाळा शिकाऊ पोरसुद्धा करत नाही. तिनं तो केला होता, कारण ते हलत असेल हे तिच्या मनातच आलं नव्हतं.

आता एकाच वेळी दोन बाण हवे होते. ती दुरुस्तीवाल्याकडे जाऊन जुना लॅपटॉप परत घेऊन आली.

"नव्यात काही खोट निघाली का?" त्यानं विचारलं.

"नाही. दोन्ही लागणार आहेत."

बाहेरच्या खोलीतल्या टेबलावर नवा लॅपटॉप. टेबलाशी बसलं की पाठीमागे लांब सरळ बोळ, आणि बोळाच्या शेवटी ताईची खोली. तिथे कोपऱ्यातल्या तिच्या टेबलावर जुना लॅपटॉप ठेवला. पण एका माणसाला दोन स्क्रीन कशा दिसणार? आईला सांगावं लागलं. आईनं सगळं ऐकून घेतलं, पदराला हात पुसले आणि कित्येक महिन्यांनी ताईच्या खोलीत पाऊल टाकलं.

"वर!" तिकडून आई ओरडायची. "वर, पण जरा डावीकडे कललाय."

"किती कललाय?"

"आता ते मला काय कळतंय? स्वयंपाकघराच्या खिडकीकडे बघतोय म्हण!"

दिवसभर दोघींचा हा उद्योग चालला. घरातल्या घरात दोन रेघांमधलं अंतर ते केवढं. त्यामुळे लांबच्या खुणा अंदाजपंचेच पडत होत्या. पण खुणा जवळ येत होत्या, आणि जवळच्या खुणा नेमक्या होत्या. ते काही तरंगत, भटकत येत नव्हतं. थोडं चालायचं, थांबायचं, पुन्हा थोडं चालायचं. रस्त्याच्या कडेनं सरळ, कोपऱ्यावर काटकोनात. धाकटीनं पहिल्या दिवशीची सकाळची रेघ शहराच्या नकाशावर लांबवत नेली. ती कारखान्यावरून जात होती. मग तिनं दोन थांब्यांमधलं अंतर मोजलं, मग पुढच्या दोन थांब्यांमधलं.

तीस मीटर. पुन्हा तीस मीटर. टेपची पूर्ण लांबी.

आई तिच्या खांद्यावरून नकाशाकडे बघत होती. धाकटीनं तिला काही समजावलं नाही. दोन मुलींचा धंदा तिनं इतकी वर्षं पाहिला होता.

"मोजत येतेय," आई म्हणाली. तिनं खुणांवरून एकेक करत बोट फिरवलं. मग हळूच म्हणाली, "पण टेप तर आपल्याकडे आहे. आणि एकटीला धरता कशी येत असेल गं?"

धाकटीचे डोळे भरून आले. आपल्याला केवढी आशा लागून राहिली होती हे तिला त्या क्षणी कळलं, आणि त्या आशेची लाजही वाटली नाही. शेवटची खूण कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानाशी पडली होती.

"दार उघडं ठेवते," आई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोन्ही रेघा घरात छेदल्या.

दार सकाळपासून सताड उघडं होतं. कुणी आलेलं नव्हतं. ऊन उंबऱ्यापर्यंत आलं होतं, आई शेवटची दिशा सांगून स्वयंपाकघरात चहा टाकायला गेली होती, आणि नकाशावर खूण पडली होती बोळात, बरोबर मध्यावर. धाकटीनं वळून पाहिलं. रिकामा बोळ, घासून गुळगुळीत झालेली फरशी, पलीकडे ताईच्या खोलीचं उघडं दार आणि त्यातून दिसणारी समोरची भिंत.

तिनं लेझरचं यंत्र त्या भिंतीवर रोखलं. लाल ठिपका भिंतीवर दिसेना. यंत्रानं आकडा दाखवला, तो निम्म्या बोळाचा होता.

बॅटरी उतरली असेल, असं ती स्वतःशी म्हणाली. बॅटरी नवी होती.

अशा वेळी टेप बरी. टेप खोटं बोलत नाही. ती बोळातून चालत गेली. मध्यावर पाऊल ठेवताना तिनं श्वास रोखला, पण तिथे काहीच लागलं नाही. ताईच्या खोलीतून तिनं खिळ्यावरची टेप काढली. शून्याचं टोक दाराच्या चौकटीत अडकवलं आणि टेप उलगडत, पाठ न वळवता, मागे मागे चालत टेबलापर्यंत आली.

काहीच घडलं नाही.

तिला हसू आलं. घरात चार दिवस काय चाललंय हे गिऱ्हाइकांना कळलं, तर काम मिळायचं बंद होईल. ती टेबलाकडे वळली आणि लॅपटॉपवर बोळाच्या लांबीचा रकाना उघडला.

बाण स्क्रीनच्या खालच्या कडेला होता. म्हणजे तिच्याकडे. तिच्या पाठीमागे.

जुन्या लॅपटॉपचा बाण कुठे आहे, ते सांगायला त्या खोलीत कुणी नव्हतं.

"चहात साखर घालू का गं?" आईनं स्वयंपाकघरातून विचारलं.

टेप तिच्या हातात ताणली गेली. चौकटीत नुसती अडकवलेली टेप अशी ताणली जात नाही. टोक खालून, जमिनीलगत ओढलं जात होतं.

मग दोन हिसके आले. हलके.

तिनं मागे वळून पाहिलं नाही. सवयीनं तिची नजर टेपवर गेली, आणि फाटलेल्या आवाजात, पण मोठ्यानं, तिनं आकडा वाचला.

बोळाच्या त्या टोकाला कळा वाजल्या. शेवटची जरा जोरात.