न मागितलेली परवानगी

"तू जाऊ दिलंस त्यांना! तू!... चार वर्षांची होते मी, आई! माझा बाप मठाला देऊन टाकलास, आणि उद्या त्याच मठात पुढच्या खुर्चीत बसून सत्कार करून घेणार आहेस?"

दिंडोरीच्या द्राक्षबागेतल्या त्या बंगल्याच्या व्हरांड्यात स्वामी अद्वयानंदांचा बेलकडे गेलेला हात तसाच थांबला. आवाज ओळखीचा नव्हता... कसा असणार! लेकीचा, निकिताचा, त्यांच्या कानात राहिलेला आवाज बोबडा होता.

उद्या सकाळी पंचवटीतल्या मठाची गादी त्यांना मिळायची होती. सात जिल्ह्यांतल्या शिष्यांसमोर महंतपदाची चादर त्यांच्या खांद्यावर पडायची होती. बावीस वर्षांपूर्वी ते योगेशराव सरदेशमुख होते. सरदार घराण्याचे एकुलते वारस, ऐंशी एकर बागेचे धनी. वैराग्याची ओढ खरी होती, पण जाणं मात्र चोराचं होतं. बायको उज्वला बागेत छाटणीवर होती, तेवढ्यात "लासलगावला जाऊन येतो" असा गड्याकडे निरोप ठेवून ते निघाले, आणि "बायकोची संमती आहे का?" असं गुरूंनी विचारलं तेव्हा खाली मान घालून म्हणाले, "आहे."

ते असत्य त्यांनी जपाखाली, उपवासाखाली, लोकांच्या जयजयकाराखाली पुरून टाकलं होतं. पण महिन्यापूर्वी गुरूंनी शेवटच्या आजारपणात त्यांचा हात धरला... "अद्वया, तुझ्या शब्दावर मी विसंबलो नव्हतो रे. आपल्या मठातल्या चिमाजीला दिंडोरीला पाठवलं होतं. ती माउली 'हो' म्हणाली, तेव्हाच तुला भगवी वस्त्रं दिली!"

उज्वला 'हो' म्हणाली? जिला कधी विचारलंच नव्हतं, ती?... त्या दिवसापासून त्यांना धड झोप नव्हती. संन्याशानं पूर्वाश्रमीच्या घरी जायचं नसतं, हे ठाऊक असूनही आज पाय इकडे वळले होते.

दार निकितानंच उघडलं. भगवी वस्त्रं आणि उद्याच्या सोहळ्याच्या फलकांवरचा तो चेहरा पाहून ती दचकली. मग तिनं रीतीप्रमाणे हात जोडले. ते जोडलेले हात त्यांच्या काळजात रुतले!

"या, महाराज. घाबरू नका, तुमच्यावर माझा राग नाही. तुम्ही विचारून गेलात. राग आहे तो हिच्यावर."

आतून उज्वला पुढे आली. केस पांढरे, बोटांना कात्रीचे घट्टे. बाग तिनं एकटीनं राखली होती. नवरा सांभाळता आला नाही, असं चारचौघांत ऐकून घेतलं होतं. हळदीकुंकवाला बोलवावं की नाही, अशी बायकांची कुजबुज सोसली होती. त्यांच्या चेहऱ्याकडे पाहताच ते कशासाठी आलेत हे तिला समजलं.

"महाराज, नका बोलू," ती घाईनं म्हणाली. "उद्या गादी आहे. झालं ते झालं..."

"निकिता," ते म्हणाले, "मी गेलो तेव्हा हिनं परवानगी दिली नव्हती. मी ती मागितलीच नव्हती. मी पळून गेलो, बाळा!"

निकिता भिंतीला टेकली. मग ती आईकडे वळली. "मग तू मला का म्हणालीस, मीच पाठवलं म्हणून?"

उज्वलानं पदर तोंडाशी नेला. "चिमाजीबुवा याच दारात उभे होते. म्हणाले, 'बाई, तुमची ना आसंल तर तसं सांगा, गुरुमहाराज त्यांना उद्याच माघारी धाडतील.' मला परत आलेला माणूस हवा होता गं... परत धाडलेला नको होता! म्हणून 'हो' म्हणाले. आणि तू रोज विचारायचीस, बाबा कुठं गेले? बापानं टाकलं, या दुःखात पोर वाढण्यापेक्षा आईनं पाठवलं, या रागात वाढलेली बरी, असं वाटलं. रागानं माणूस कोलमडत नाही."

"आई गं!..." निकितानं तिला कवटाळलं. गेली सहा वर्षं गंगापूर रोडच्या फ्लॅटवर एकटी राहणारी, सणालासुद्धा पाहुण्यासारखी येणारी मुलगी आईच्या खांद्यावर हमसून हमसून रडू लागली. स्वामी दोन पावलांवर उभे होते. त्या मिठीत आपल्याला जागा नाही, हे त्यांना कुणी सांगावं लागलं नाही.

दुसऱ्या दिवशी भर सभामंडपात, चादर पुढे आली तशी त्यांनी ती हातानं थांबवली आणि सगळं सांगितलं. गड्याकडचा निरोप, गुरूंपुढचं असत्य, काहीच वगळलं नाही. मंडपात गलका उसळला. "या गादीवर माझा हक्क नाही," ते म्हणाले.

ऐंशीच्या घरातले चिमाजीबुवा काठी टेकत उठले आणि बायकांच्या बाजूला वळले. "तवा म्या विचारलं व्हतं. आज समद्यांम्होरं पुन्ना विचारतो. बाई, तुमची परवानगी हाय का?"

निकिताचा हात धरून उज्वला उभी राहिली. "तेव्हा नव्हती," तिचा आवाज कापला, पण थांबला नाही. "मनापासून कधीच नव्हती. पण काल त्यांनी माझी लेक मला परत दिली. आज आहे."

चादर खांद्यावर पडली. महंतानं कुणापुढे वाकायचं नसतं. पण ते पायऱ्या उतरून खाली आले आणि भर सभेत उज्वलाच्या पायांवर त्यांनी डोकं ठेवलं. ती मागे सरली नाही. एवढंच म्हणाली, "उठा. लोक खोळंबलेत."

"तुम्हाला बाबा म्हणणं मला जमायचं नाही," निकिता हळूच म्हणाली. "निदान आज तरी नाही... पण खरं बोललात."

मग दर्शनाची रांग सुरू झाली. पायांवर टेकणाऱ्या प्रत्येक कपाळासरशी त्यांना पाय मागे घ्यावेसे वाटत होते, आणि घेता येत नव्हते. गर्दीच्या डोक्यांवरून दूर फाटकाशी त्या दोघी दिसल्या. रिक्षात बसताना निकितानं आईचा पदर सावरून आत घेतला, आणि उज्वला, काय बोलणं झालं कुणास ठाऊक, चक्क हसली.

ते हसू त्यांनी बावीस वर्षांपूर्वी शेवटचं पाहिलं होतं. डोळे भरून आले... "महाराज, आशीर्वाद!" समोर कुणीतरी वाकलं होतं.

त्यांनी त्या मस्तकावर हात ठेवला.