शेवटी कोण?

आमची सून अक्षया कुठलंही काम अर्ध्यावर सोडते. भाजी फोडणीला टाकून फोनवर जाते, कपडे निम्मे वाळत घालते. विचारलं की वर म्हणते, "मी कधी, आई?"

म्हणून त्या दिवशीही मी तिलाच खोटी ठरवली.

मी चौथी शिकलेली बाई. रचून सांगायची अक्कल माझ्यात नाही. घडलं तेवढंच लिहिते.

मागच्या ऑक्टोबरात माझ्या मुलाने, जितेशने, आम्हा दोघींना पोर्तुगालला नेलं. "आपल्याकडचा किल्ला बांधणाऱ्यांचा मुलूख बघ एकदा," म्हणाला.

बुधवार होता. सकाळचे अकरा.

एका गावात जुनं, मोठं चर्च. मनोऱ्यावर जायला दगडी जिना, गोल गोल, एका वेळी एकच माणूस मावेल एवढा.

"आई, झेपेल तुम्हाला?" अक्षयाने विचारलं.

"तू तुझं बघ. जन्मभर वाडीला पाणी घातलंय मी."

जितेश पुढे, मी मधे, अक्षया मागे.

वळणं घेता घेता उजेड संपला. जितेश वर निघून गेला. मागे अक्षयाचे बूट वाजत होते...

मग वाजेनासे झाले.

आमच्या वाडीत बावखल होतं, केळींना आणि पानवेलींना पाणी द्यायचं तळं. पहाटे अंधारात आम्ही बाया ओळीने त्याच्या पायऱ्या उतरायचो. पुढचीने विचारायचं, "शेवटी कोण?" शेवटचीने सांगायचं, "मागं मी." मग पुढचीने "ये" म्हणायचं. कोणी पाय घसरून पाण्यात गेली तर कळावं म्हणून.

सवयीने तोंडातून गेलं, "शेवटी कोण?"

आणखी एक पायरी चढले.

आणि मग...

"मागं मी."

बारीक, दमलेला आवाज.

"ये," मी म्हटलं.

पावलं पुन्हा सुरू झाली. पण बुटांची नव्हेत.

चप्... चप्... ओल्या, अनवाणी पायांची.

"बूट काढलेस काय गं?"

वर पोहोचेपर्यंत मी आणखी दोनदा 'शेवटी कोण?' विचारलं. दोन्ही वेळा तेच उत्तर आलं. दोन्ही वेळा मी "ये" म्हटलं.

वर जितेश एकटाच उभा होता. मी मागे वळले. जिन्याच्या तोंडाशी कोणी नव्हतं.

"अक्षया कुठंय?"

त्याने खाली बोट दाखवलं. चौकातल्या बाकावर गुलाबी जाकीट. हात हलवत होती.

"टाच दुखायला लागली म्हणून अर्ध्यातूनच उतरली ती. फोन केला मला."

खाली येऊन मी तिला धरली. "सासूची मस्करी करतेस?"

"मी कधी, आई?"

"मग 'मागं मी' कोण म्हणालं?"

"म्हणजे काय?"

तिचा चेहरा कोरा होता. तिच्या लग्नाआधीच आमचं बावखल बुजवून त्यावर बिल्डिंग उभी राहिली होती. तिला हे ठाऊक असायचं कारण नाही. तरी मला वाटलं, जितेशनेच शिकवलं असेल. नवरा-बायकोचं काय सांगावं. सगळा प्रवासभर मी तिच्याशी धड बोलले नाही.

परत आलो ती दुपार होती. बोळिंजला आमचं घर तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट बंद. जितेश बॅगा घेऊन पुढे गेला. मी मधे, अक्षया मागे.

दुसऱ्या मजल्यापर्यंत तिचे बूट वाजत होते.

मग त्यांच्याही मागून...

चप्... चप्...

बूट थांबले. ते थांबलं नाही. एक पायरी आणखी चढलं.

"आई," अक्षया हळूच म्हणाली, "माझ्या मागे कोणीतरी आहे."

'शेवटी कोण' हे शब्द माझ्या ओठांवर आले होते. मी ते गिळले. दोन पायऱ्या खाली उतरले, तिचं मनगट धरलं आणि तिला माझ्या पुढे घेतलं. मागे पाहिलं नाही. पाठीला गारवा लागत होता, तळ्याकाठी लागतो तसा.

"तू खोटं बोलली नव्हतीस," मी तिला म्हटलं. "'ये' मी म्हटलं होतं, तीनदा. आजपासून जिन्यावर शेवटी मी. आणि हा जिना तरी अर्ध्यावर सोडू नकोस. चढ."